एवारिस्तोची खुर्ची

मोटार रॅलीच्या दिवशी अर्जेंटिनातल्या कोर्दोबाच्या डोंगरात आम्ही याच वळणावर बसतो. ‘माते’ या कडू चहाचा, नळीनं ओढून प्यायचा एकच पेला हातोहात फिरतो. पुरे झालं की ‘धन्यवाद’ म्हणायचं, मग पुन्हा देत नाहीत. एवारिस्तोनं ते कधीच म्हटलं नाही. गाडीचं निखळलेलं दार पट्ट्यानं बांधून गात गात शर्यत संपवणारा माणूस तो!

गेल्या हिवाळ्यात तो गेला. आज त्याची गाडी त्याची लेक ब्रिसा चालवत होती, तिची पहिलीच शर्यत. “तुझ्या पहिल्या शर्यतीत शेजारी मीच बसणार,” असं तो तिला नेहमी म्हणायचा.

“त्यालाही दे की,” मी गमतीनं म्हटलं. त्याच्या बायकोनं, नेलीदानं, पेला त्याच्या रिकाम्या खुर्चीवर ठेवला. थोड्या वेळानं उचलला, तर कोरडा.

“कोण प्यायलं रे, मेल्यांनो?”

कुणीच नाही. तिनं पुन्हा भरला. या वेळी सगळेच बघत होते. पाणी हळूहळू उतरलं आणि शेवटी नळी सुरसुरली.

वर डोंगरात ब्रिसाच्या गाडीचा आवाज घुमू लागला. नेलीदानं पुन्हा पेला भरला.

“पी, म्हाताऱ्या. इथंच बस. पोरीकडे जाऊ नकोस.”

खुर्ची करकरली. त्याच्याच हसऱ्या आवाजात कुणीतरी म्हणालं, “धन्यवाद.”

आणि वर गाडीचा आवाज एकदम थांबला.