चष्म्याचं कार्ड

"काय होतंय म्हणून डॉक्टरांनी विचारलं, की काय सांगायचं?" डोळ्यांच्या दवाखान्यात बाहेर बसल्या बसल्या मार्लिसने नवऱ्याला दबक्या आवाजात पुन्हा विचारलं.

"नवा चष्मा हवाय. बाकी ठणठणीत." एल्रॉय हाउगनने शाळकरी पोरासारखं उत्तर दिलं.

"आणि आतून तपासायला डोळ्यात थेंब घालू का म्हणाल्या तर?"

"नको. गाडी चालवायची आहे."

मार्लिस खूश झाली. विम्याच्या बाबतीत गावात तिचा हात धरणारं कुणी नव्हतं. चर्चच्या तळघरात कॉफी पिताना बायका तिच्यापुढे आपापली बिलं पसरत. डोळ्यांसाठी दोन कार्डं असतात, ती समजावायची. एक चष्म्याचं. त्यावर वर्षातून एक तपासणी आणि फ्रेम जवळजवळ फुकट. दुसरं आजाराचं. त्यावर वर्षाचे पहिले काही हजार डॉलर आपल्याच खिशातून जातात, मग कुठे कंपनीला जाग येते. डोळे तेच, डॉक्टर त्याच, खुर्चीही तीच. कोणतं कार्ड लागणार, ते आपण खुर्चीत बसून काय बोलतो त्यावर ठरतं. म्हणून कमी बोलायचं. एल्रॉयला ते जड नव्हतं. तो दुधाचा टँकर चालवायचा आणि दिवसभरात त्याची गाठ पडायची ती बहुतेक गायींशीच.

"म्हणजे त्या काळ्या सावलीचंही काही बोलायचं नाही ना?" त्याने सहज विचारलं.

"कुठली सावली?"

"उजव्या डोळ्यातली. आधी नुसत्या विजा चमकायच्या. रविवारपासून खालून सावली चढतेय. डावा डोळा मिटून तुझ्या कपाळाकडे पाहिलं, की खालचं तोंडच दिसत नाही. नुसता आवाज येतो." तो हसला. "तेवढाच आराम."

मार्लिस हसली नाही. ती काही बोलणार, तेवढ्यात त्यांना आत बोलावलं.

डॉक्टर केसेनिक दोघांना बऱ्याच वर्षांपासून ओळखत होत्या. "काय म्हणताय एल्रॉय? डोळ्यांची काही तक्रार?"

"छे. नवा चष्मा हवाय. बाकी ठणठणीत."

समोरची अक्षरं त्याने दोन्ही डोळ्यांनी बिनचूक वाचली. सावली अजून तिथवर चढली नव्हती. डॉक्टरांनी थेंबांचं विचारलं. त्याने गाडीचं कारण सांगितलं. सगळं कसं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. शाबासकीसाठी त्याने बायकोकडे पाहिलं. ती दाराजवळच्या खुर्चीत पर्स घट्ट धरून बसली होती.

"बरं तर, बाहेर फ्रेम निवडा," म्हणत डॉक्टर उठल्या.

"बसा डॉक्टर," मार्लिस म्हणाली. "खोटं बोलतोय तो."

"मार्लिस!"

"उजव्या डोळ्यात विजा चमकतात त्याच्या. खालून काळी सावली चढतेय. थेंब घाला. आणि कार्ड दुसरं लावा."

थेंब घातले. डॉक्टर बराच वेळ आत बघत राहिल्या. मग खुर्ची जवळ ओढून त्या शांतपणे बोलल्या. डोळ्याचा पडदा सुटत चालला होता. मधला भाग अजून शाबूत होता. आज शस्त्रक्रिया झाली तर डोळा वाचेल, उद्यावर टाकलं तर सांगता येत नाही. मॅडिसनच्या मोठ्या इस्पितळात त्या फोन करून ठेवणार होत्या. यांनी इथूनच निघायचं होतं.

एका डोळ्यावर दुधाचा टँकर कुणी चालवू देत नाही, हे एल्रॉयला वेगळं सांगायची गरज नव्हती. तो घाबरला. घाबरला की त्याला राग यायचा.

बाहेर बर्फावर ऊन पडलं होतं. थेंबांमुळे त्याला ते सहन होईना. डॉक्टरांनी दिलेला काळा चष्मा लावून तो चाचपडत मोटारीपर्यंत आला आणि तिथेच त्याने तोंड सोडलं.

"जन्मभर मला शिकवलंस, तोंड उघडू नकोस म्हणून. आणि आज स्वतःच पचकलीस! मला काय पढवत होतीस मग?"

"चुकलं माझं," मार्लिस म्हणाली.

हे शब्द तिच्या तोंडून त्याने क्वचितच ऐकले होते. तो जरा वरमला. त्याने मोटारीची किल्ली पुढे केली. "घे. मला तर सगळं पांढरंफटक दिसतंय. तू चालव."

तिने किल्ली घेतली नाही. "शेजारच्या ड्वेनला फोन केलाय मी. तो निघालाय."

"ड्वेन येईपर्यंत इथे उभं राहायचं? डॉक्टर काय म्हणाल्या, ऐकलंस ना? रस्ता तर सरळ आहे!" त्याचा आवाज पुन्हा चढला. "सप्टेंबरपासून स्टिअरिंगला हात लावला नाहीस. दुकानात जायचं तरी एल्रॉय, चर्चला जायचं तरी एल्रॉय. आज माझा डोळा चाललाय, आजही बाईसाहेबांना ड्रायव्हरच हवा!"

मार्लिस सरळ समोर बघत राहिली. तिला रडू आलं होतं, पण आवाज नेहमीसारखाच होता.

"गेल्या वर्षी मलाही विजा दिसत होत्या," ती म्हणाली. "त्याच खुर्चीत बसून मीही काही बोलले नाही. आत्ता तू माझ्या डाव्या हाताला उभा आहेस ना, एल्रॉय? तिथे तू मला दिसत नाहीस."