मयताच्या घरची पसंती

तिसरी दुर्बीणही रंगूबाईने नापसंत केली.

"जड आहे."

"वयनी, धरायची मला हाय," महिपत म्हणाला.

"पण पसंत मला करायचीय."

ते खरंच होतं. गेल्या हिवाळ्यात रानात डुकरासाठी बसलेला असताना महिपतने डुक्कर समजून चुलतभावाला, म्हणजे रंगूबाईच्या नवऱ्याला, राघोला, गोळी घातली. पोलिसांनी अपघात म्हटलं. गावकीने सखोल विचार करून दोष काळोखावर टाकला. काळोख बैठकीला हजर नव्हता, त्यामुळे त्याची हरकत आली नाही. राघोने घोडबंदरच्या सामाईक जमिनीसाठी बिल्डरला सही दिली नव्हती आणि महिपतने दिली होती, हे कोणीतरी मध्येच काढून पाहिलं. पण विषय डुकराचा चालला होता. ठराव असा झाला की महिपतला पुन्हा रात्री बंदूक घेऊन बसायचं असेल तर त्याने काळोखात दिसणारी दुर्बीण घ्यावी, आणि ती मयताच्या घरच्या पसंतीची असावी.

म्हणून तिघं एसटीने ठाण्याला, खोपटच्या डेपोत आले होते. तिसरे गावकीचे पंच, कुंडलिकदादा. पसंती रीतसर होते ना, हे पाहायला. ते बस्ता काढायला आल्यासारखे स्टुलावर चहा पीत बसले होते.

डेपोसमोरच्या या दुकानात घड्याळं, कॅमेरे आणि परदेशातून आलेलं काहीबाही मिळे. रशिया मोडीत निघाल्यापासून तिथल्या सैन्याचं सामान पार ठाण्यापर्यंत आलं होतं. दुकानदार शेठने आतापर्यंत हरणं, ससे आणि शेजाऱ्यांच्या खिडक्या पाहणारी गिऱ्हाइकं सांभाळली होती. ही बाई त्याला नवीन होती.

"याच्यात डुक्कर आणि नवरा वेगळा दिसतो का?" तिने विचारलं.

शेठ हसला. बाकी कोणी हसलं नाही, तेव्हा त्याने हसू काउंटरखाली ठेवलं आणि चौथी दुर्बीण वर काढली.

"ही बघा बाई. मिलिटरीची. बंदुकीवर बसते. पण उजेडात लावायची नाय, काच खलास होते. मागे गोदामात चला."

गोदामात खोकी होती आणि गोणपाटं होती. खिडकी नव्हती. शेठने दार आतून लावलं, कडी घातली आणि खालच्या फटीत एक पोतं कोंबलं. महिपत दुर्बीण घेऊन दारापाशी उभा राहिला, शेजारी कुंडलिकदादा. रंगूबाई पार पलीकडच्या भिंतीपाशी गेली. तिने एक गोणपाट उचललं, डोक्यावरून घेतलं आणि हातापायांवर ओणवी झाली.

"अगं, हे काय?" कुंडलिकदादा म्हणाले.

"डुकरासाठी घ्यायची तर समोर डुक्कर नको का, दादा? घालवा शेठ दिवा."

दिवा गेला. दुर्बीण डासासारखी बारीक गुणगुणू लागली.

"दिसतंय!" महिपत पोरासारखा हरखला. "हिरवंगार दिसतंय, दादा! गोणपाटावरचा छापसुद्धा वाचून घ्या."

"डुक्कर दिसतं की माणूस?" रंगूबाईने विचारलं.

"माणूस. एकदम साफ."

"नक्की?"

"वयनी, तुमच्या हातातल्या बांगड्या दिसतात."

"बरं. आता डोळ्यावरची काढ."

त्याने काढली.

"आता काय दिसतं?"

"कायपण नाय. माझा हात मला दिसत नाय." मग ही संधी आहे हे त्याच्या ध्यानात आलं. त्याचा आवाज एकदम हळवा झाला. "बघा दादा, बघा तुम्ही पण. असाच काळोख होता त्या रात्री. अस्साच. मी काय खोटं बोललो? यात माणूस कोण ओळखणार?"

कुंडलिकदादांनी हुंकार भरला. गावकीचा ठराव बरोबर होता याचं त्यांना बरं वाटलं. इतक्या लांब येऊन ते पटण्याची त्यांना अपेक्षा नव्हती.

"असाच होता?" रंगूबाईने विचारलं.

"देवाशपथ, वयनी."

"यापेक्षा जरासुद्धा कमी नाय?"

"उलट जास्त! आभाळ आलेलं. बॅटरी पण बंद पडलेली."

पलीकडे गोणपाट खाली पडल्याचा आवाज आला. रंगूबाई उभी राहिली असावी, कारण पुढचं बोलणं माणसाच्या उंचीवरून आलं.

"गावकीत सगळ्यांसमोर तू सांगितलंस, सुळे बघून बार काढला. एवढाले होते म्हणून बोटभर मापून दाखवलेस. महिपतभाऊजी, ते सुळे कशाने बघितलेस?"

दुर्बीण महिपतच्या हातात गुणगुणत राहिली.

"मी... म्हणजे आवाजावरून पण..." महिपत म्हणाला. "शेठ, दार उघडा जरा. गुदमरायला होतंय."

शेठला तर केव्हापासूनच बाहेर जायचं होतं. त्याची चप्पल फरफटत दाराकडे गेली. कडी अर्धी निघाल्याचा आवाज आला.

"थांबा शेठ," कुंडलिकदादा म्हणाले.

आणि त्यांनीच चाचपडत कडी पुन्हा आत सरकवली.