फाटकापाशी दुखणारा पाय

"नेमका तांबेबाईंच्याच फाटकाशी बरा दुखतो तुमचा पाय!" आईचा संशय जुना होता. बाबा रोज फिरायला निघाले की तिथेच थांबायचे, पोटरी चोळायचे आणि बाईंशी गप्पा मारायचे.

डॉक्टरांनी सांगितलं, मांडीतली रक्तवाहिनी अरुंद झाली आहे. तेवढं अंतर चाललं की पोटरी दुखणारच. स्टेंट बसवला. आईने बाबांची माफी मागितली, लग्नानंतर पहिल्यांदाच.

महिन्याभराने बाबा फाटकाशी न थांबता पुढे गेले. सवयीने लपतछपत मागे आलेली आई खूश झाली. तेवढ्यात फाटक उघडून तांबेबाई लगबगीने बाबांना गाठायला निघाल्या. "बरा झाला ना पाय? चला, आता ठरल्याप्रमाणे टेकडीवर!"

दुपारी आईने डॉक्टरांना फोन केला. "तो स्टेंट परत काढता येतो का हो?"