भवानीचं नाणं

सकाळची भवानी अजून व्हायची होती. शेवंताने लेकीच्या लग्नासाठी हिरवा चुडा निवडला आणि मोबाइलवरून पैसे पाठवले. यशवंत कासाराच्या पडद्यावर नेहमीप्रमाणे त्या डिजिटल नाण्याचा माग उमटला. आधीचा मुक्काम: स्मशानभूमी, सरपणाची वखार.

त्याचं बोट थबकलं. पूर्वीच्या नोटा बिचाऱ्या मुक्या होत्या, कुठून आल्या ते सांगत नसत. आता नाणं सगळं बोलून टाकायचं, आणि लग्नाच्या मालाला असलं नाणं बाजारात कुणी घेत नसे. भवानीला तर नाहीच नाही.

"कासारमामा, दोन दुकानांनी परत पाठवलं," शेवंता म्हणाली. "लाकडं रचते मी तिथं, चोरी नाही करत."

नाही कसं म्हणावं ते सुचेना, म्हणून वेळ काढायला त्याने तो माग आणखी मागे सरकवला. वखारीच्या आधीचा मुक्काम होता त्याचंच दुकान. तारीख श्रावणातली, त्याने बायकोला अग्नी दिला त्या दिवसाची.

त्याने नाणं स्वीकारलं. मोबाइल कपाळाला लावला.

"लेकीला घेऊन ये गं," तो म्हणाला. "तिचा चुडा मीच भरणार."