लग्नाला क्ष वर्षे झाली

"लग्नाले अकरा वर्षं झाली," दौलत जेवताजेवता बोलून गेला, आणि रुख्मिणीची भाकर तव्यावरच करपली.

हे विचारणाऱ्या त्यांच्या मुलीने, मैत्रीने, आकडा वहीत टिपला. आठवीच्या हर्षदीप सरांनी घरातल्या माणसांवरून शाब्दिक उदाहरण रचायला सांगितलं होतं. शनिवारी पालकसभेत ते सगळ्यांसमोर फळ्यावर सोडवायचं होतं.

दौलत तलमडुगुच्या कचेरीत कारकून. कुणी काही विचारलं की आकडा अचूक सांगायचा, ही त्याची खोड. मैत्री तेरा वर्षांची आहे, हे भल्या माणसाच्या ध्यानातच आलं नाही.

रुख्मिणीच्या आलं. मैत्रीला जन्म देणारी बाळंतपणातच गेली होती. रुख्मिणी लग्न होऊन आली तेव्हा पोर दोन वर्षांची होती. लगेच दौलतने वांकिडीहून इकडे बदली करून घेतली. इथे कुणाला काही माहीत नव्हतं, पोरीला तर कळूच दिलं नव्हतं. उलट लग्नानंतर दोन वर्षांनी तू झालीस, असं रुख्मिणीनेच तिला सांगून ठेवलं होतं.

म्हणजे अकरातून दोन वजा केले की मैत्री नऊ वर्षांची. रुख्मिणी दहावीपर्यंत शिकलेली, एवढं गणित तिला तोंडी येत होतं.

ती दौलतवर चिडली. त्यानेही डोक्याला हात लावला, पण आता करणार काय? दुसरं काहीतरी लिही, कापसाच्या भावावर लिही, असं तिने मैत्रीला सुचवून पाहिलं. मांडून झालंय, म्हणत मैत्रीने वही दप्तरात टाकली. आपणच खरं सांगून टाकावं असंही रुख्मिणीला वाटलं, पण धीर झाला नाही. पोरीने आई म्हणायचं सोडलं तर?

शनिवारी रुख्मिणी शेवटच्या बाकावर बसली. पदराचं टोक बोटाला गुंडाळत आणि सोडत राहिली.

मैत्रीने फळ्यावर लिहिलं, 'आईबाबांच्या लग्नाला क्ष वर्षे झाली. लग्नानंतर दोन वर्षांनी मुलगी झाली. ती आज तेरा वर्षांची आहे. तर क्ष किती?'

खाली समीकरण मांडलं. क्ष − २ = १३. क्ष = १५.

सरांनी ताळा करायला लावला. तोही जमला. सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या.

रुख्मिणीचा जीव भांड्यात पडला. पोरगी अकरा विसरली, देवासारखी विसरली.

घरी येताना मैत्रीने आईचा हात धरला.

"इतकी काऊन भेऊन राह्यली होतीस?"

"मी कायले भेऊ?"

"बाबाचे अकरा धरले असते," मैत्री म्हणाली, "तर गणितात तू माही आई निघत नव्हतीस. म्हून मी आकडाच बदलला."