पानागोसचं नेव्रो

“ही बघा मूठ. वळते की नाही?” पानागोसने गिऱ्हाइकासमोर बोटं मिटली, उघडली, पुन्हा मिटली. मनगटावरची पट्टी मळून काळी पडली होती. “आणि तो मिसरूड न फुटलेला डॉक्टर म्हणतो, नेव्रो तुटलंय. पात्रा शहरातल्या मोठ्या इस्पितळात जाऊन जोडून घ्या. ऐन ईस्टरच्या तोंडावर. दुकान काय त्याचा बाप चालवणार?”

गिऱ्हाईक हसलं आणि कोकराची तंगडी घेऊन गेलं. आतल्या दारात उभी असलेली पानागोसची बायको आरेती मात्र हसली नाही.

नेव्रो म्हणजे काय ते पानागोसला कोणी शिकवायचं? उभा जन्म खाटीककामात गेला त्याचा. मांसातली ती पांढरी, चिवट दोरी म्हणजे नेव्रो. दाताखाली आली की गिऱ्हाइकं कुरकुरतात, म्हणून तो ती सोलून मांजरांना टाकतो. ती कापली की कोकराचा पाय लुळा लोंबतो, हे त्याच्या रोजच्या बघण्यातलं. आपली बोटं तर झकास वळतायत. म्हणजे नेव्रो शाबूत. मनगटात सुरी घुसली त्या दिवसापासून तो हेच सगळ्या गावाला ऐकवत होता, आणि गावालाही ते पटत होतं.

आरेतीलाही पटलं होतं. पण काल पवित्र शुक्रवारच्या मिरवणुकीत मेणबत्तीचं कढत मेण त्याच्या जखमी हाताच्या अंगठ्यावर ओघळलं. मग शेजारच्या बोटावर. हा आपला गप्पा मारत चालतच राहिला. आरेतीने ते पाहिलं. घरी आल्यावर तिने त्याला काही विचारलं नाही. उत्तराचीच भीती वाटत होती तिला.

आज मुलगी आली. लेमोनिया पात्राला नर्सचं शिक्षण घेते. आईने मेणाचं सांगितलं तसा तिचा चेहरा उतरला. दुकान रिकामं झाल्यावर ती बापासमोर जाऊन उभी राहिली.

“बाबा, शब्द एकच, पण नेव्रो दोन असतात रे. तुझ्या दुकानातलं मांसाला हाडाशी बांधतं, बोट ओढतं. आम्ही त्याला दुसरं नाव देतो. डॉक्टरांचं नेव्रो डोक्याला खबर देतं. गरम, थंड, टोचलं, कापलं. ते तुटलं तर मूठ वळेल, पण मुठीत काय आहे ते कळायचं नाही. आत्ता जोडलं तर थोडंफार परत येईल. असाच बसलास तर हात गेला. आणि तुझं काम सुऱ्यांशी.”

“झाली शिकवणी?” पानागोस म्हणाला. “उद्या ईस्टरचं कोकरू कोण भाजणार, तुझे मास्तर?”

“मग पैज लाव. हरलास तर मुकाट्यानं गाडीत बसायचं. जिंकलास तर मी पुन्हा तोंड उघडणार नाही.”

पैज म्हटल्यावर पानागोस मागे हटणारा नव्हे. तो स्टुलावर बसला. लेमोनियाने त्याच्या डोळ्यांवर फडका बांधला आणि पट्टीचा हात लाकडी ओंडक्यावर उताणा ठेवला.

“बोटांवर काहीतरी ठेवीन. काय ते तू सांगायचं.”

“ईस्टरचं लाल अंडं असणार. दुसरं काय सुचणार तुला,” तो खुशीत म्हणाला.

लेमोनियाने खरोखरच अंडं उचललं होतं. आरेती पुढे झाली आणि मानेनेच तिला नको म्हणाली. तिने आपला हात एप्रनला पुसला. लग्नात पाद्र्याने नवऱ्याचा हात याच हातात दिला होता. तिने आपली बोटं त्याच्या अंगठ्यावर आणि शेजारच्या दोन बोटांवर अलगद टेकवली. जरा थांबली. मग नुसतीच कुरवाळत राहिली.

पानागोस कान टवकारून हसत बसला होता. लेमोनियाने तोंड फिरवलं.

“अगं, ठेव की आता काहीतरी,” तो म्हणाला. “आणि आई कुठे गेली तुझी? बोलाव तिला. माझी जीत तिलाही बघू दे.”