तिसरा सरेपर्यंत

कोळंबी सोलायच्या कारखान्यात हंगामाचा नारळ फुटला आणि सुपरवायझर मॅडमनी हातातला रिमोट उंचावला. "बायांनो, आता मणी फुगवते. मोसम संपेपर्यंत पाळी नाही आणि सुट्टीही नाही. कुणाला दिवस गेले असतील तर हात वर करा, तिला वगळते."

रांगेतल्या इतर बायांसारखेच वेदिकाच्याही गर्भाशयाच्या धमन्यांत ते बारीक मणी गाठींवर उपाय म्हणून सोडले होते. फुगले की पिशवीचा रक्तपुरवठा तुटायचा. मूल राहणं अवघड, राहिलंच तर टिकणं त्याहून अवघड, असं डॉक्टर म्हणाले होते. तरी राहिलं होतं.

तिचा हात खांद्यापर्यंत गेला. शेजारी उभ्या असलेल्या सासूने, चंद्रावतीने, तो खाली दाबला. "एवढ्या बायांदेखत? तिसरा महिना सरल्याशिवाय तोंडातून काढायचं नाही गो. पुढच्या आठवड्यात सरेल, मग मॅडमना गुपचूप सांगू. मणी उतरवतील परत."

"पण आई, रक्त..."

मॅडमनी बटण दाबलं. रांगेतल्या बाया कळ येऊन किंचित वाकल्या, एकमेकींकडे बघून हसल्या आणि कामाला लागल्या. वेदिका वाकली ती सरळ झालीच नाही.

संध्याकाळी ती भिंतीकडे तोंड करून पडली होती. गोधडीखाली काय भिजतंय ते तिने अजून सांगितलं नव्हतं. चंद्रावतीने मीठ, मोहरी, मिरच्या तिच्यावरून उतरवून चुलीत टाकल्या. असा ठसका उठला की दोघींना खोकला आवरेना.

"बघ," डोळे पुसत सासू समाधानाने म्हणाली, "कुणाची दृष्ट लागलेली नाही."